दुसऱ्यांदा विचारलं तर

मी भोचक आहे. घरातले सगळेच तसं म्हणतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की कितव्या मजल्यावर राहता, कधीपासून राहता आणि पिशवीत एवढी लिंबं कशाला, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. सिंगापूरची माणसं लिफ्टमध्ये फोनकडे बघतात. मी फोनकडे बघणाऱ्यांकडे बघते. चाळिशी उलटल्यावर मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मानसशास्त्र शिकायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "चला, आता भोचकपणाची रीतसर पदवी मिळणार." दिवसा मी अलेक्झांड्राजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिथे बसून बसून मला माणसांची भूक लागली होती, दुसरं काही नाही.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. एकदा वर्ग सुटल्यावर आमच्या बाईंनी मला थांबवलं. बाई म्हणजे माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सिंगापुरातच वाढलेली चिनी मुलगी, डोळ्यांना मोठा चष्मा आणि बोलायला एकदम मुद्द्याचं. म्हणाली, "तुमचे मार्क बघता तुम्हाला ऑनर सोसायटीत येता येईल. येणार का?"

ऑनर सोसायटी म्हणजे मानसशास्त्रात चांगले मार्क मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचं मंडळ. वर्षातून एकदा समारंभ होतो. नवे सभासद एका जाडजूड वहीत सही करतात आणि त्यांच्या गळ्यात दुरंगी गोफ घालतात. आदल्या वर्षी तो समारंभ मी काचेच्या दारातून चोरून बघितला होता. सगळी विशी-बाविशीतली मुलं, कुणी आईला बिलगून फोटो काढत होतं, कुणी गोफ सारखा नीट करत होतं. मला तो गोफ हवा होता. खोटं कशाला बोलू, फार हवा होता. शाळेपासून मी कधी पहिल्या रांगेतली नव्हते, आणि आता केस पिकायला लागल्यावर कुणीतरी मला पहिल्या रांगेत बोलावत होतं.

आणि मी काय म्हणाले? "छे छे, मी कुठली? या वयात शोभतं का? तरुण मुलांना घ्या ना."

बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "ठीक आहे. तुमच्या निर्णयाचा मी आदर करते," असं म्हणून त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि त्या निघून गेल्या.

मी तिथेच उभी. माझ्या हिशेबाने आता त्यांनी म्हणायचं होतं, अहो असं काय, तुम्ही यायलाच हवं. मग मी म्हणणार, नाही हो, बघा बाई. मग त्या म्हणणार, काही ऐकणार नाही मी. आणि मग मी, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर, असं म्हणून हो म्हणणार. एवढं सगळं शिल्लक होतं आणि पंगतीतून वाढपीच निघून गेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून मी क्वीन्सटाउनपर्यंत स्वतःवर चरफडत आले.

घरी जेवताना मी हे सांगितलं. आमच्याकडे तेव्हा टेबलाभोवती चौघं असायचो. नवरा जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनीअर. सकाळी कंपनीच्या बसने जातो आणि संध्याकाळी गळ्यातला पास न काढताच जेवायला बसतो. सोळा वर्षांची मुलगी. आणि सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि काही महिन्यांपूर्वी ते पुण्याहून आमच्याकडे आले.

मुलीने पहिल्याच घासाला तिच्या सिंगापुरी मराठीत निकाल दिला. "तू नो म्हणालीस. शी हर्ड नो. सिंपल, लाह."

"अगं, पण माझ्या तोंडावर दिसत नव्हतं का?"

"तोंडावर काय दिसणार? तूच मला सांगतेस ना, नो म्हणजे नो."

नवऱ्याला हसू आवरेना. म्हणाला, "आमच्या कारखान्यात कुणी नको म्हणालं आणि मी तरी व्हॉल्व्ह उघडला, तर बेटासकट उडू. बाईंचं काही चुकलं नाही."

बाबांनी आधी, ही सोसायटी म्हणजे आपली गृहरचना सोसायटी का, सेक्रेटरी कोण, वगैरे चौकशी करून घेतली होती. आता ताटातली पोळी तशीच ठेवून त्यांनी मला विचारलं, "म्हणजे दुसऱ्यांदा विचारलंच नाही त्यांनी?"

"नाही ना, बाबा."

"अरेरे," ते म्हणाले. चौघांत एकट्या त्यांना माझं दुःख कळलं होतं.

आता इथे एक सांगायला हवं. बाबा पुढच्या महिन्यात परत जाणार होते. पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये, एकटे. ते आल्यावर थोड्याच दिवसांनी नवऱ्याने त्यांना विचारलं होतं, "बाबा, इथेच राहायचं का? तुमच्या इथे राहायच्या परवान्याचं, लाँग टर्म पासचं बघू का?" बाबा म्हणाले, "नको रे, कशाला? तुमची उगीच अडचण." नवरा म्हणाला, "बरं," आणि त्याने तिकीट काढलं. मला ते जायला नको होते. ते आल्यापासून घरात कुणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलायला लागलं होतं. पण बापलेकांमधली गोष्ट, म्हणून मी गप्प बसले. जन्मात एकदा भोचकपणा आवरला तो नेमका तिथे.

गोफाचं मात्र डोक्यातून जाईना. आणि माझ्या मनात एखादी गोष्ट अडकली की ती मी चघळत बसते. मी असं का केलं? माणूस हवी असलेली गोष्ट नको का म्हणतो? आणि समोरच्याने ओळखायचं कसं, की हे नको खरं आहे का नुसतं तोंडदेखलं? पुस्तकांत बघितलं तर तिथे सरळसोट माणसं होती. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. आमच्यासारखी कुणी भेटेनात.

त्याच रविवारी नोव्हेनाजवळच्या एका कॉन्डोत आम्हाला जेवायला बोलावणं होतं. नवरा-बायको दोघंही डॉक्टर, आमच्या ओळखीचे, आणि जेवायला घालायची भारी हौस. श्रीखंड-पुरीचा बेत. मी ठरवलं, आज जेवायचं कमी आणि बघायचं जास्त.

काय सांगू, डोळेच उघडले. यजमानीण पुऱ्या घेऊन आली की सगळे नको म्हणत होते, पण सगळ्यांचं नको वेगळं होतं. एक गृहस्थ, मुंबईचे, बँकेतले, तोंडाने "नको नको, बास झालं" म्हणता म्हणता बोटाने कोशिंबीर बाजूला सरकवून पुरीला जागा करत होते. एक बाई नको म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं, म्हणजे तू बोल. आणि एक तरुण मुलगी, जिला खरंच जात नव्हतं, तिने शब्दच काढला नाही. दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि त्यांच्यावर वाकली. तिला यजमानीण परत वाढायला गेली नाही. मला एकदम वाटलं, सापडलं. तोंडाकडे बघायचंच नाही, हातांकडे बघायचं. नको म्हणणाऱ्याचा हात ताटावर आला तर ते खरं. हात मोकळा असेल तर वाढा.

"आई, स्टॉप स्टेअरिंग, लाह," मुलगी कानाशी कुजबुजली. "सगळ्यांना वाटेल तू पुऱ्या मोजतेस."

बाबा माझ्या समोरच बसले होते. त्यांच्यापुढे श्रीखंड तीनदा आलं. दोनदा ते नको म्हणाले, दोन्ही वेळा त्यांचा हात गुडघ्यावर होता. तिसऱ्यांदा "अहो, घ्याच" म्हणून वाढलं, तर वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. घरी मी त्यांना एकदा विचारते आणि पोळ्यांचा डबा बंद करते. त्या दिवसापासून मी डबा उघडा ठेवायला लागले. त्यांची पोळी वाढली.

ही माझी टेहळणी त्यांच्या लक्षात आली. आमच्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी माइलोच्या रिकाम्या डब्यात ओवा लावला होता. आठ-दहा पानांचा, पण त्याची निगा अशी, की जणू बाग आहे. सकाळी त्याला पाणी घालत होते, मी ऑफिसला निघाले होते. म्हणाले, "हल्ली जेवताना माझ्या हाताकडे काय बघतेस गं?"

मी सगळं सांगितलं. कोशिंबीर सरकवणारे गृहस्थ ऐकून ते मनापासून हसले. मग म्हणाले, "यात शोधण्यासारखं काय आहे? पहिल्यांदा विचारतात ती रीत असते. दारात आलेल्याला कुणीही विचारेल. दुसऱ्यांदा विचारलं की समजायचं, याला खरंच वाढायचंय."

"आणि दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"तर हात धुवायला उठायचं," ते म्हणाले आणि पानांवरची धूळ पुसायला लागले.

मी लिफ्टपाशी आले तरी ते वाक्य डोक्यात होतं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, मी बाहेरच. खाली इमारतीच्या मोकळ्या जागेत, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथे म्हातारी माणसं चिनी बुद्धिबळ खेळतात. बाबा रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहायचे. भाषा येत नाही, तरी नुसतं बघून बघून त्यांना सगळ्या सोंगट्यांच्या चाली कळल्या होत्या. ज्याला परत जायचंय तो माणूस दुसऱ्यांचा खेळ शिकतो का? ओवा लावतो का? तिकीट आमच्या फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली होतं आणि ते काढण्याआधी त्यांना आम्ही एकदाच विचारलं होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला गाठलं. "बाबांना परत विचार."

"काय?"

"राहता का म्हणून. तू एकदाच विचारलंस."

"ते नको म्हणाले. त्यांचं तिथे घर आहे, ओळखी आहेत. परत विचारलं तर तो दबाव होईल."

"मी बाईंना नको म्हणाले ते खरं होतं का?"

"तू वेगळी. तुझ्या तर पोटात एक आणि ओठात एक."

"आणि तुझा बाप कुठल्या गावचा?"

तो गळ्यातल्या पासाची दोरी बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "आणि दुसऱ्यांदाही नकोच म्हणाले तर?" माझा नवरा घाबरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वडिलांच्या एका शब्दाला तो एवढा घाबरत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तूर्त विषय सोडला. पण आधी स्वतःचं तरी निस्तरावं असं मनात आलं. लोकांना दुसऱ्यांदा विचार म्हणून सांगायचं आणि आपण मात्र गोफासाठी झुरत बसायचं, हे काही खरं नाही.

दुसऱ्याच दिवशी वर्ग सुटल्यावर मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी त्या दिवशी नको म्हणाले, पण मला यायचंय. मला हवंय."

"मग नको का म्हणालात?"

"तुम्ही परत विचाराल असं वाटलं."

बाईंनी चष्मा काढला आणि त्या टेबलाला टेकून हसायला लागल्या. "माझी आजी," त्या म्हणाल्या. "नवीन वर्षाला तिला पैशांचं लाल पाकीट दिलं की ढकलून परत देते. आपण पुढे करायचं, तिने ढकलायचं. एकदा मी खरंच परत घेतलं, तर वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. पण तुम्ही माझी विद्यार्थिनी. वर्गात सर्वांत मोठ्याने तुम्हीच म्हणता, समोरच्याचं नाही पहिल्यांदाच ऐकावं."

ते खरंच होतं. म्हणून तर मला इतकं कुतूहल होतं, की ही दोन्ही माणसं माझ्या एकाच अंगात कशी राहतात. मी त्यांना तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, यादी अजून गेलेली नाही, नाव घालते. पण समारंभात प्रत्येक नवा सभासद आपल्याला सध्या कशाचं कुतूहल आहे त्यावर तीन मिनिटं बोलतो, ही आमची पद्धत. "तुम्ही यावरच बोला," त्या म्हणाल्या. मी या वेळी लगेच हो म्हणाले. वाट बघायची चैन परवडणारी नव्हती.

समारंभ एका शनिवारी संध्याकाळी होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते. तिकिटावरची तारीख जवळ आली होती, त्यांची बॅग अर्धी भरून पलंगाखाली होती. नवरा, मुलगी आणि ते तिसऱ्या रांगेत बसले. माझ्याआधी एक मुलगा स्वप्नांवर बोलला, एक मुलगी मांजरांवर. मग मी. बोलायला लागल्यावर जीभ सुटली. मी नकोबद्दल सांगितलं. पुरीला जागा करणारं बोट सांगितलं, ताटावरचे आडवे हात सांगितले, एक कागदी प्लेट घेऊन दोन्ही करून दाखवले. मुलं हसत होती. मागे बसलेल्या काही आया माना डोलावत होत्या, त्यांत चिनी होत्या, मलय होत्या, तमिळ होत्या.

शेवटी एका मुलाने हात वर केला. "जेवणाचं कळलं. पण समोर ताट नसेल तेव्हा? दुसरं काही विचारलं असेल आणि माणूस नको म्हणाला, तर बघायचं कुठे?"

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, दोन्ही हात मांडीवर. माझं इंग्रजी त्यांना कितपत कळलं होतं कुणास ठाऊक, पण कागदी प्लेट त्यांना नक्की कळली होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "बघून कळत नाही बहुतेक. परत एकदा विचारावं लागतं. आणि परत नको आलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते. त्याचीच भीती वाटते म्हणून आपण विचारत नाही आणि म्हणतो, मी त्यांच्या निर्णयाचा आदर केला."

नवऱ्याने मान खाली घातली. त्याला टोचावं म्हणून मी बोलले नव्हते. बोलता बोलता मला कळलं ते मी बोलून गेले.

मग मी वहीत सही केली. बाईंनी गोफ गळ्यात घातला, एक पदर जांभळा आणि एक पांढरा. नंतर चहापाण्याच्या वेळी त्याच बाई करी पफची बशी घेऊन बाबांपुढे आल्या. बाबा हसून नो, नो, थँक्यू म्हणाले. बाईंनी आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि बशी परत पुढे केली. बाबांनी दोन घेतले.

घरी जायच्या आधी आम्ही आमच्या जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला थांबलो. बाबांना तिथला डोसा आवडतो. शनिवारची गर्दी, बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, वर पंखे गरगरत होते. माझ्या गळ्यात अजून गोफ होता आणि मुलगी सारखी म्हणत होती, काढ ना आता. नवरा काहीच खात नव्हता. त्याने डोशाचा तुकडा तोडला, परत ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "तिकीट रद्द करतो. इथेच राहा."

"नको रे, कशाला. तुमची उगीच अडचण."

अक्षर न् अक्षर तेच उत्तर. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी माझा डोसा खात राहिले. हा घास मी त्याला भरवून चालणार नव्हतं.

"अडचण नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी बसमधून उतरलो की आज घरी बाबा आहेत असं मनात येतं. तुम्ही गेलात की मला ते... मला तुम्ही हवे आहात, बाबा."

बाबांचा एक हात कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपावर होता, दुसरा मांडीवर. मी भोचक, मी बघितलंच. ते कपाकडे बघत राहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"दुसऱ्यांदा विचारायला एवढे दिवस लावलेस होय रे?"

"मला वाटलं, तुम्हाला खरंच जायचंय."

"आणि मला वाटलं," बाबा म्हणाले, "तुला खरंच पाठवायचंय."